बियरचे दात बघणारे नागनाथअप्पा

नागनाथअप्पांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढं त्यांच्या गमती सुरू झाल्या की ऐकणारा त्यांच्या बाजूला जातो. परभणीत तसंच झालंय. मी माझं गाऱ्हाणं मांडायला लागतो, समोरचा पोट धरून हसतो आणि शेवटी मलाच विचारतो, "मग अप्पा सध्या असतात कुठं? एकदा भेटायला पाहिजे."

जरूर भेटा. फक्त हात खिशात ठेवून भेटा.

पिंगळीच्या रस्त्याला माझा बियरचा छोटा कारखाना आहे, पुढं हॉटेल आणि मागं टाक्या. माझ्या स्वतःच्या रानातल्या ज्वारीची बियर तिथं एकदाच झाली आणि सगळीच्या सगळी नालीत गेली. अप्पांच्या शब्दावर गेली. तो शब्द त्यांनी कशाच्या जोरावर दिला, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी जवाब मागतोय आणि ते हसतायत.

अप्पा बोरीचे. धंद्यानं बैलबाजारातले दलाल. अंगानं वाळलेल्या तुरीच्या काटकीसारखे, पण आवाज असा की बाजाराच्या या टोकाला शिंकले तर त्या टोकाचा बैल कान हलवायचा. कपाळाला विभूती, गुडघ्याच्या खाली जेमतेम येणारं धोतर आणि खांद्यावर दस्ती. आमच्याकडं मोठ्या रुमालाला दस्ती म्हणतात. दुसऱ्यांची दस्ती घाम पुसायला असते, अप्पांची म्हणजे चालतीबोलती कचेरी होती. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल समोरच्याचा हात दस्तीखाली घेतो, बोटं दाबून आकडा सांगतो, आणि भोवती जमलेल्या रिकामटेकड्यांना दोन माणसं हातात हात घालून गप्प उभी दिसतात, एवढंच.

त्या काळात मी त्याच बाजारात पोतं अंथरून कासरे आणि वेसणी विकायचो. सौदा कसा करायचा हे मला कोणी शिकवलं नाही, मी अप्पांकडं बघून उचललं. एकदा चुडाव्याचा एक शेतकरी बैल घेऊन आला. बैल देखणा, गिऱ्हाईक तयार, भावही ठरल्यासारखा. अप्पांनी मालकाचा हात दस्तीखाली घेतला, जरा वेळ नुसता धरला आणि सोडून दिला.

"पाव्हणं, बैल घिऊन घरी जावा."

"कामून? भाव तर जमला की."

"भाव जमला, तुमी कुटं जमलाव? तुमाला इकायचाच न्हाई ह्यो."

तो बाप्या तिथंच डोळ्याला धोतर लावून रडायला लागला. अप्पांची दलाली बुडाली. त्यांनी माझ्याकडून एक नवा कासरा उचलून त्या बैलाला बांधला आणि पैसे दिले नाहीत. म्हणाले, "पुण्याचं काम हाय मारोती, अर्धं तुज्या नावावर." हे अर्धं पुण्य मला अजून कुठं वटवता आलेलं नाही.

पण लोकांत अप्पांचं नाव होतं ते हातासाठी नव्हे, जिभेसाठी. कडब्याची काडी चावून ते सांगायचे की रान काळं का बरड. विहिरीचं पाणी तोंडात घोळवून गाव ओळखायचे. लग्नात वांग्याची भाजी चाखून आचारी कोणत्या गावचा ते सांगितलं आणि नवरदेवाच्या चुलत्यानं आचाऱ्याचं खरं गाव कबूल केलं, असली एकेक दंतकथा. मी स्वतः त्यांना काडी चावताना पाहिलंय, त्यामुळं माझाही विश्वास बसला होता.

मग ट्रॅक्टर आले आणि बैलबाजार ओसरला. मी कासऱ्यांतून दोरखंडात, दोरखंडातून भंगारात आणि भंगारातून लिलावात गेलो. बंद पडलेलं एक दूध शीतकरण केंद्र लिलावात निघालं. समोरचे चार बोलीदार मी चहा पाजून, घाबरवून आणि एकमेकांत भांडणं लावून घरी पाठवले आणि स्टीलच्या टाक्यांसकट सगळं भंगाराच्या भावात उचललं. दुधाचा धंदा माझ्या स्वभावाला जमणारा नाही, त्यात रोज पहाटे उठून खोटं बोलावं लागतं. कोणीतरी म्हणालं, अशाच टाक्यांत बियर करतात. लायसन मिळवायला किती उंबरे झिजवले ते सांगत बसत नाही.

आता एक अडचण होती. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. बापानं घातली, मी काढली नाही. लोक टोमणे मारतात, माळकऱ्याची बियर म्हणतात. मी त्यांना विचारतो, सोनार दागिने खातो का? विकण्यात पाप असेल तर लायसन देणाऱ्याचाही त्यात हिस्सा आहे. पण तोंडाला लावणार नाही ते नाहीच. म्हणजे जो माल मी विकणार, तो चांगला का वाईट हे मला कधीच कळणार नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला, जो टरबूज घेताना दहा टरबुजांना टपल्या मारतो, ही केवढी शिक्षा.

बियर बनवायला पुण्याहून सायली नावाची मुलगी आणली. या कामाचं शिक्षण घेतलेली, हुशार, कामाला वाघीण. पण बनवणाराच स्वतःच्या मालाला नावं ठेवील, यावर माझा विश्वास नाही. मधला माणूस पाहिजे होता. आणि मधला माणूस म्हटलं की मला जगात एकच माणूस माहीत होता.

अप्पा तेव्हा बोरीत पारावर बसून येणाऱ्या जाणाऱ्या मोटारसायकलींची किंमत करत होते. मी म्हणालो, "अप्पा, बियर चाखायची आहे."

"गिळायची का?"

"गिळू नका वाटलं तर."

"मंग चालतंय. जिभेवर हाय तवर नमुना. घशाखाली गेली की येसन."

असं ते आले. पहिल्या दिवशी सायलीनं लांब टेबलावर पांढरं कापड घातलं, चार प्रकारच्या बियर ग्लासांत ओतल्या, मधे मधे जीभ साफ करायला पाव ठेवला. अप्पांनी आधी सगळा पाव खाल्ला. मग धोतर सावरून उभे राहिले. बसून पारख होत नाही म्हणाले. ग्लास उचलून उजेडात धरला, भोवती एक चक्कर मारली, म्हणजे ग्लासाभोवती स्वतः फिरले, बैलाभोवती फिरतात तसे. मग घोट तोंडात घेऊन गालात घोळवला, डोळे मिटले आणि कोपऱ्यातल्या बादलीत अशी पिचकारी मारली की सायली दोन पावलं मागं सरली.

"कशी आहे अप्पा?" तिनं विचारलं.

"चारचौघांत सांगत नसतेत ताई. मालकाचा अपमान होतो."

खांद्यावरची दस्ती काढली, माझा हात तिच्याखाली घेतला, जरा वेळ धरून ठेवला आणि दोन बोटं दाबली.

"दोन म्हणजे?" मी हळूच विचारलं.

"दोन दाती."

बैलाचं वय दातांवर ठरतं. दुधाचे दात असलेलं ते आदत. म्हणजे कच्चं, अजून जू न बघितलेलं. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. जुळलेला बैल म्हणजे कामाला पूर्ण. अप्पांनी हीच मापं माझ्या बियरला लावली. सायलीला हे आधी अजिबात पटलं नाही. तिच्याकडं चवीचे, वासाचे, फेसाचे वेगवेगळे रकाने होते. पण गिऱ्हाइकांना दात फार आवडले. महिन्याभरात मोंढ्यातले धान्याचे व्यापारी टेबलावर हात मारून ओरडायला लागले, "शेठ, आज सहा दाती काय हाय?" मी लगेच फळा टांगला आणि सहा दातीचा भाव वाढवला.

अप्पा आठवड्यातून एकदा यायचे. जीपमधून उतरल्यावर आधी नळावर खळखळून चूळ भरायचे आणि मग सगळ्यांची चौकशी. गडद रंगाच्या बियरला ते म्हैस म्हणायचे. फेस लवकर बसला की "खांदा पडलाय". कडवट असली की "शिंगं मारती". एकदा सायलीनं विचारलं, "अप्पा, हिच्यात लिंबाच्या सालीचा वास येतोय का?" अप्पा म्हणाले, "बाळ, बैल घेताना मी गोठ्याचा वास घेत नसतो." तिनं मान खाली घालून हसू दाबलं. मला वाटलं, वा, काय उत्तर दिलं. आता कळतं काय उत्तर दिलं ते.

संभाजीनगरचं एक बडं गिऱ्हाईक एकदा आलं होतं. मोबाईलवर गावोगावच्या बियरला तारे देणं हा त्याचा शौक. त्यानं आमची गव्हाची बियर प्यायली, ओठ पुसले आणि म्हणाला, "साडेतीन तारे."

अप्पा शेजारच्या टेबलावर भजी खात होते. "किती?"

"साडेतीन."

"अर्धा तारा कसा दिसतोय? कुटं बगितला?"

"काका, ही जगभरची पद्धत आहे."

"आसंल. पर तारं आभाळात ऱ्हातेत, कुणाला मोजता येतेत? दात तोंडात ऱ्हातेत. उघडा तोंड, मोजा. हाय का न्हाई?"

त्या माणसानं खरंच तोंड उघडलं. का उघडलं त्यालाच माहीत. अप्पांनी वाकून आत बघितलं आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाले, "जुळलाय, पर दाढ किडलीया. दवाखान्यात जावा." पुढं त्याच माणसानं मोबाईलवर आमच्याबद्दल एवढं लांबलचक कौतुक लिहिलं की पुढचे दोन रविवार बसायला खुर्ची मिळत नव्हती. अप्पांना मी त्याबद्दल एक धोतरजोडी दिली. त्यांनी काठ तपासून विचारलं, "दुकानदारानं किती सोडले?" मी सांगितलं. म्हणाले, "आजून सोडले आसते."

सायलीनं मोसंबीची बियर केली तेव्हाचीही गोष्ट सांगतो. बोरीकडच्या एका बागेत मोसंबी गळायला लागली होती. मी बागवाल्याशी अशी काही घासाघीस केली की शेवटी त्यानं हात जोडून मला जवळजवळ फुकटात गाडी भरून दिली. त्या आनंदात मी अप्पांच्या चाखणीला उभा राहिलो. अप्पांनी चूळ मारली, हात धरला, सहा बोटं. दोन्ही हात वापरून. मी खूश. नंतर कॉफीची केली. कॉफीवाल्यानं मला भावात गंडवलं होतं आणि हे मला त्याच सकाळी कळलेलं. माझं डोकं तापलेलं. अप्पांनी हात धरला, दोन बोटं, तीही अशी की दाबली न दाबल्यासारखी.

सायली चौकस. एक दिवस तिनं मला बाजूला घेतलं.

"सर, एक सांगू? मी आज अप्पांना एकाच टाकीतले दोन ग्लास दिले होते. पहिल्याला चार दात दिले, दुसऱ्याला दोन."

"मग?"

"मग म्हणजे? बियर एकच होती. मधे फक्त तुम्ही फोनवर कोणावर तरी ओरडत होता."

"तुझा ग्लास खरकटा असेल."

"ग्लास स्वच्छ होता सर."

मी अप्पांना विचारलं. ते जराही दचकले नाहीत. "एका गाईचे दोन गोऱ्हे सारखे निघतेत का?" बस. माझं समाधान झालं. सायलीचं झालं नाही, पण पगार मी देत होतो.

आता ज्वारी.

भंगाराच्या धंद्यात पहिला पैसा मिळाला तेव्हा मी शहराजवळ काळं रान घेतलं होतं. आमच्या घरात त्याआधी कोणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. त्या रानात रब्बीची ज्वारी पेरतो. मोत्यासारखा दाणा. सायलीनं एकदा हुरडा खाल्ला आणि म्हणाली, "सर, आपण बाहेरून सातू कशाला आणतो? याची करून बघू." तिनं ती ज्वारी भिजवली, गोणपाटाखाली मोड आणले, गच्चीवर वाळवली, दोनदा फसली, तिसऱ्यांदा टाकी भरली. जितके दिवस ती टाकीत होती तितके दिवस मी रोज टाकीला हात लावून यायचो. कोणाला सांगितलं नाही. माळकऱ्यानं बियरच्या टाकीला हात लावून उभं राहणं बरं दिसत नाही.

नांदेडच्या एका हॉटेलवाल्याच्या कानावर हे गेलं. त्याची पाचसहा हॉटेलं. तो म्हणाला, शनिवारी येतो, चाखतो, जमलं तर सगळीकडं तुमचीच ज्वारी लावू. माझ्या रानातलं पीक, माझ्या टाकीतला माल, आणि वर परभणीचं नाव. आयुष्यात दुसऱ्यांचा माल मी पुष्कळ विकला. हा पहिला माझा होता.

शुक्रवारी दुपारी अप्पा आले. सायलीनं ग्लास भरला. गढूळसर, फिकट सोनेरी. तिच्या डोळ्यांत चमक होती. ती म्हणाली, "सर, मी आजपर्यंत केलेली ही सगळ्यात चांगली बियर आहे."

अप्पांनी फेरी मारली. घोट घेतला. घोळवला. पिचकारी. दस्ती काढली आणि माझा हात आत घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. मग एकही बोट दाबलं नाही. नुसता हात सोडून दिला.

मला वाटलं माझं चुकलं. "किती अप्पा?"

त्यांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली. "आदत."

"अप्पा, नीट बघा. परत एक घोट घ्या."

"आदतला किती बारी तोंड उघडून बघितलं तरी दात येत नसतेत, मारोती."

सायली मधे पडली. "सर, तुम्ही स्वतः एक घोट घ्या. एकच."

मी माळेला हात लावला.

"मग उद्या त्यांना देऊन तर बघा! गिऱ्हाईक ठरवेल ना."

"आणि त्यानं थुंकली तर? माझ्या रानाचं नाव घेऊन थुंकली तर?"

मी स्वतः जाऊन टाकीचा कॉक उघडला. सायली दाराशी उभी होती. सगळी ज्वारी फेस काढत नालीतून मागच्या रानाकडं गेली.

मागचं रान एका म्हशीवाल्याचं. संध्याकाळी तो धावत आला. त्याच्या म्हशी नालीच्या काठावर ओळीनं बसलेल्या, हाकलून हलेनात. मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, "शेठ, हे पाणी परत कवा सोडणार हाव?" माझ्या ज्वारीच्या बियरला आजवर मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

शनिवारी हॉटेलवाल्याला मोसंबीची पाजली. तो म्हणाला, छान आहे, पण अशी पुण्यात मिळते. गेला. महिनाअखेरीला सायलीही गेली. जाताना म्हणाली, "सर, राग नाही. फक्त तुम्ही ज्या माणसावर विश्वास ठेवला, त्याला एकदा घरी जेवताना बघा."

मी हे टोमणा म्हणून सोडून दिलं. पण डोक्यात बसलं. आठ पंधरा दिवसांनी बोरीला गेलो. अप्पांच्या घरी दुपारची जेवणं चालली होती. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, मला आग्रहानं ताट वाढलं. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. पिठल्यात मीठच नव्हतं. नावालासुद्धा. अप्पा समोर मिटक्या मारत जेवत होते.

"अप्पा, पिठलं कसं झालंय?"

"झकास. हिच्या हातचं पिठलं म्हंजी इचारायचं काम न्हाई."

अक्कांनी बोट बुडवून चाखलं आणि कपाळावर हात मारला. "आगं बाई, मिठाचं इसरलेच की मी! तुमी त्येंला काय इचारायलाव भाऊ? कोरोना झाल्यापासून त्येंच्या नाकातोंडाची चवच गेलीया. परवा च्यात साखरेऐवजी मीठ पडलं, तर म्हणले आजून एक कप दे."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. कोरोना होऊन गेल्यावर मी यांना कारखान्यावर आणलं होतं. म्हणजे पहिल्या घोटापासून.

मी ताटावरून उठलो. "अप्पा, हे खरं आहे?"

"खरं हाय."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुमी कवा इचारलं?"

"तुमची जीभ बघून ठेवलं होतं तुम्हाला! मग इतके दिवस तुम्ही चाखत काय होता?"

"तुमाला."

हे त्यांनी घास चावता चावता सांगितलं. अक्का म्हणाल्या, आधी जेवू द्या भाऊंना. मी ओरडलो, मला जेवायचं नाही. शेजारची माणसं कुंपणापाशी आली. अप्पांनी शांतपणे ताटात हात धुतला.

"बसा मारोती. बैलाचे दात कुणीबी बगतंय. त्याला दलाल कशाला लागतोय? उभ्या जल्मात मी दातावर सौदा केला न्हाई. मालकाचा हात बगितला. आपला माल कसा हाय हे मालकाला ठावं आसतंय, त्यो तोंडानं काईबी बोलंना. हात खोटं बोलत न्हाई. मोसंबीच्या टायमाला तुमचा हात तव्यावरच्या भाकरीवानी गरम. काफीच्या टायमाला मूठ आवळलेली. मी तसं तसं दात दिले. गिऱ्हाइकानं कवा तक्रार केली का?"

नव्हती केली. हेच तर जास्त चिडवणारं आहे.

"आणि ज्वारी?"

"त्या दिशी हात बर्फ. वर घाम. म्या म्हनलं, मालकालाच भरोसा न्हाई, मंग मी कामून दात देऊ?"

"अहो, माझी होती ती! माझ्या रानातली! म्हणून हात गार पडला होता!"

अप्पांनी दस्ती काढून मांडीवर घेतली.

"चुडाव्याच्या त्या माणसाचा हात तुम्हाला बरोबर कळला," मी म्हणालो. "बैल घेऊन घरी जा म्हणालात त्याला. कासरा दिलात, तोही माझा. मग माझा हात का कळला नाही? मी तर तुमच्यासमोर वाढलेला."

ते दस्तीची घडी घालत म्हणाले, "तुजा हात कवाच आसा नव्हता, मारोती. भंगारवाल्याचा हात धरायची सवय झालती मला." आणि हसले. वर अक्काही हसल्या. कुंपणावरचे शेजारीही हसले. मी चप्पल घालून निघालो ते परत त्या घरी गेलो नाही.

सायलीला मी फोन केला. ती आता दुसरीकडं आहे, खूश आहे. म्हणाली, "सर, तीच ज्वारी पुन्हा करून देईन, पण एक अट. तुम्ही चाखायची." मी फोन ठेवला. पुढच्या हंगामाची ज्वारी कणग्यात भरून ठेवली आहे. दुसरा माणूस ठेवून ती केली असती तर झाली असती. पण ती चांगली झाली का नाही, हे सांगायला पुन्हा कोणीतरी माझ्या समोर उभा राहणार, आणि मी पुन्हा त्याच्या तोंडाकडं बघत राहणार.

अप्पा मला शेवटचे दिसले ते जिंतूर रस्त्याला, जुन्या ट्रॅक्टरांचा बाजार भरतो तिथं. मी दुसऱ्या कामानं चाललो होतो, गाडीचा वेग कमी केला. एका निळ्या ट्रॅक्टरशी अप्पा उभे होते. इंजिनाकडं पाठ. बॉनेट उघडून दोन तरुण आत डोकं घालून बसलेले, त्यांच्याकडं अप्पांचं लक्षही नाही. दस्तीखाली त्यांनी ट्रॅक्टरच्या मालकाचा हात धरला होता आणि डोळे मिटून, मान जराशी तिरपी करून, ते काही ऐकत असल्यासारखे उभे होते. अंगानं आणखी वाळलेत. मी हॉर्न वाजवला. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि मोकळा हात वर करून असे हसले, जसं काही आमच्यात काहीच घडलं नाही. मालकाचा हात मात्र सोडला नाही. मलाही, खोटं कशाला बोलू, हात वर करावासा वाटला. केला नाही.

लोक म्हणतात, सोडून द्या शेठ, म्हातारा माणूस आहे. मी का सोडू? टाकी माझी, रान माझं, बनवणारी पोरगी माझी गेली. चाखली त्यांनी नाही, चाखली मीही नाही. म्हशींना विचारता येत नाही. त्या दिवशी ग्लासात काय होतं हे आता जगात कोणाला कळणार नाही, ते मी मान्य केलं. पण एक गोष्ट कळू शकते आणि ती सांगू शकणारा माणूस जिवंत आहे, बोरीत राहतो, मीठ नसलेलं पिठलं मिटक्या मारत खातो.

अप्पा, त्या शुक्रवारी तुम्ही आदत म्हणालात. बियर तुम्हाला कळलीच नव्हती. मग ते कच्चं म्हणालात कोणाला? मी तुमच्याकडून ऐकायला तयार आहे. पण जवाब द्या, आणि मोठ्यानं द्या.